पडणारी लिफ्ट कोण धरतं?

[दृश्य: शाफ्टचा, म्हणजे लिफ्ट जाते त्या उभ्या पोकळीचा, तळ. केबिन वरून संथपणे खाली येते आहे.]

लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना पुष्कळांच्या मनात एक शंका येऊन जाते: दोर तुटला तर? तिचं उत्तर वर दोरापाशी शोधू नका. ते आपल्या पायांखाली आहे. केबिनच्या तळाशी, दोन्ही बाजूंच्या पोलादी गाइड रेलना जवळजवळ चिकटून, पोलादी पाचरी बसवलेल्या असतात. एरवी त्या रेलला स्पर्शही करत नाहीत.

[दृश्य: न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसचं जुनं चित्र]

१८५४ साल. न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शन भरलं आहे. एलिशा ओटिस नावाचा कारागीर माल चढवायच्या उघड्या लिफ्टवर उभा राहतो, ती लोकांच्या डोक्यावर उंच नेली जाते आणि त्याच्याच सांगण्यावरून वरचा दोर तोडला जातो. लिफ्ट थोडीशी घसरते आणि जागच्या जागी थांबते. ओटिसने अधिक जाड दोर शोधला नव्हता. त्याने दोर घोडागाडीच्या कमानीसारख्या स्प्रिंगला जोडला होता. ओझ्याच्या ताणाने कमान वाकलेली राहायची. दोर तुटला की ताण जायचा, कमान पसरायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकायची. ब्रेक लावायला कुणी माणूस लागला नाही. दोर तुटला, म्हणूनच ब्रेक लागला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात ओटिसची पहिली प्रवासी लिफ्ट सुरू झाली.

पण दोर तुटण्याची वाट पाहणारा ब्रेक पुरेसा नाही. आजची लिफ्ट अनेक दोरांवर लटकते, आणि ते गरजेपेक्षा कितीतरी अधिक भार पेलतील असे निवडलेले असतात. सगळे एकदम तुटणं फार दुर्मिळ. दोर शाबूत असतानाही लिफ्ट सुटू शकते: ब्रेकचं लायनिंग झिजतं, गिअरचा आस मोडतो. तेव्हा दोरावर ताण असतोच, फक्त वेग वाढत जातो. म्हणून नजर वेगावर हवी.

[दृश्य: मशीनरूम. गव्हर्नरचं चाक अगदी जवळून.]

हा गव्हर्नर, वेगावर नजर ठेवणारं चाक. त्याच्यावरून जाणारा हा बारीक दोर लिफ्ट उचलत नाही. शाफ्टच्या उंचीएवढा त्याचा फेरा आहे, खाली पिटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, वजन लावून ताणलेला आणि केबिनच्या एका दांड्याला बांधलेला. केबिन धावली की हा दोर धावतो आणि चाक फिरतं. चाकावर दोन वजनं आहेत. वेग वाढेल तशी ती बाहेर फेकली जातात. त्यांचा धक्का लागून आधी एक स्विच पडतो: मोटरचा पुरवठा बंद आणि मशीनचा ब्रेक लागतो. तरीही वेग वाढलाच, तर गव्हर्नर दोराला घट्ट पकडतो. युरोपीय मानकात ही वेळ नेमून दिलेल्या वेगाच्या किमान ११५ टक्क्यांना येते. आता नीट बघा. दोर थांबला, केबिन मात्र खाली चालली आहे. त्यामुळे दोराला बांधलेला दांडा वर खेचला जातो, पाचरी वर सरकतात आणि रेल धरतात. केबिन जितकी खाली रेटते, तितक्या त्या घट्ट बसतात. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. पडणाऱ्या वजनाच्याच जोरावर ते वजन थांबतं.

मात्र थांबवायचं ते आतल्या माणसाला जपून. संथ लिफ्टमध्ये झटक्यात पकडणारं सेफ्टी गिअर, म्हणजे पाचरींची ही यंत्रणा, चालतं. वेगवान लिफ्टमध्ये पाचरींमागे स्प्रिंग असते, पकड एका मर्यादेबाहेर जात नाही आणि केबिन घासत घासत थांबते.

मशीनचा ब्रेकही याच विचाराने बनवलेला आहे. स्प्रिंग त्याला कायम लावून ठेवू पाहते आणि वीज त्याला सोडवून धरते. म्हणून वीज गेली की लिफ्ट सुटत नाही, अडकते. अडकलेली लिफ्ट म्हणजे ब्रेकने आपलं काम केलं, हे घाबरलेल्या माणसाला आवर्जून सांगायला हवं.

[दृश्य: काउंटरवेट खाली जातो, रिकामी केबिन वर]

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणारा तोल, केबिनच्या वजनाएवढा अधिक तिच्या क्षमतेच्या साधारण निम्म्या वजनाचा असतो. म्हणजे रिकाम्या केबिनपेक्षा तो जड. मशीनचा ब्रेक निकामी झाला आणि आत एकच माणूस असला, तर लिफ्ट खाली पडत नाही, वर पळते! जुन्या पाचरी फक्त खाली जाताना पकडतात. म्हणून नव्या मानकांनी वर जाणारी केबिन रोखणारी वेगळी व्यवस्था मागितली. आणि दार उघडं असताना केबिन आपोआप हलली तर तीही थांबलीच पाहिजे, असा नियम केला. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची सुधारणा हीच. एक पाय आत आणि एक पाय बाहेर असलेल्या माणसासाठी गव्हर्नर उशिरा जागा होतो.

[दृश्य: एम्पायर स्टेट बिल्डिंग, जुनं छायाचित्र]

या साखळीची कच्ची कडीही दिसली आहे. २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात एक बॉम्बर विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं. लिफ्टचे मुख्य दोर तुटले आणि गव्हर्नरचा दोरही तुटला. पाचरींना वर खेचणारं काही उरलंच नाही. लिफ्ट चालवणारी बेटी लू ऑलिव्हर केबिनसह ७५ मजले खाली गेली आणि जबर जखमी होऊनही वाचली.

[दृश्य: उंच इमारतीच्या काचा पुसणारा पाळणा]

बाहेर लटकणाऱ्या पाळण्याला रेल नसतात. तिथे दुसरा, मोकळा सोडलेला सेफ्टी रोप असतो. पाळणा काही अंश कलला किंवा भरभर खाली येऊ लागला की लॉक त्या रोपला चावतं. हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मला पाइप फुटण्याचं भय. म्हणून सिलिंडरच्या तोंडाशीच झडप बसवतात. तेल अचानक जोरात परत येऊ लागलं की ती मिटते.

हे सगळं वर्षानुवर्षं न वापरता पडून राहतं, हीच खरी अडचण. गव्हर्नरवर धूळ आणि रंग बसतो. त्याचा दोर लांबतो आणि दोराला ताणणारं वजन पिटच्या जमिनीवर टेकतं. मग दोर ढिला पडतो. तो ढिला पडल्याचं सांगणारा स्विच कुणी जंपर मारून, म्हणजे त्याला वगळणारी तार जोडून, गप्प केलेला असेल, तर तो संतापजनक गुन्हा आहे, दुसरा शब्द नाही.

[दृश्य: चाचणी. टेक्निशियन केबिनच्या छतावर.]

चाचणीत गव्हर्नर हाताने चालवून त्याला दोर पकडायला लावतात आणि पाचरींना रेल धरू देतात. त्या सोडवायच्या तर केबिन वरच उचलावी लागते. खाली ढकलून सुटत नाहीत. मग टेक्निशियन दोन्ही बाजूंचे ओरखडे सारखे आहेत का ते पाहतो, कारण एकाच बाजूने पकड बसली तर केबिन तिरकी होते. ओरखडे कानशीने साफ होतात. गव्हर्नरचा स्विच मात्र आपोआप पूर्ववत होत नाही. तो तिथे जाऊन हातानेच चढवावा लागतो, आणि लिफ्ट खरोखरच सुटली असेल, तर कारण सापडेपर्यंत तो चढवायचा नसतो.