देवरियाच्या खाटा आणि पीके

नमस्कार मंडळी. २०१४ ला मोदींची ‘चाय पे चर्चा’ सगळ्यांनी ऐकली, पण त्यामागे कुणाची टीम आहे हे तेव्हा फार थोड्यांना माहीत होतं. प्रशांत किशोर, म्हणजे पक्षांना निवडणुकीची रणनीती आखून देणारे आपले पीके. त्याआधी ते संयुक्त राष्ट्रांच्या कामात होते, सार्वजनिक आरोग्यात, आणि मला तर वाटतं त्यांची सगळी पद्धत तिथूनच आलीय, आधी माहिती गोळा करा, लोक कशाने त्रासलेत ते नीट ऐका, मग औषध ठरवा.

वर्षभरात ते मोदींच्या विरोधात, नितीशकुमारांसोबत. ‘हर घर दस्तक’, कार्यकर्ते थेट लोकांच्या दारात. बिहार जिंकलं. मग पंजाब, आंध्रात जगन रेड्डींना १७५ पैकी १५१, दिल्लीत केजरीवाल. आज याचं काम उद्या त्याचं, हे मला आजही खटकतं, पण मेहनत मात्र नाकारता येत नाही.

आणि एक हरलेली गोष्ट सांगतो, मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. सप्टेंबर २०१६, यूपीतलं देवरिया, राहुल गांधींची खाट सभा, आखणी पीकेंची, कल्पना अशी की शेतकऱ्यानं खाटेवर बसून नेत्याशी बोलावं. सभा संपली आणि लोक खाटा डोक्यावर घेऊन घराकडे निघाले, कुणी एकटा, कुणी दोघं मिळून, आणि टीव्हीवर दिवसभर तेच. लोक खूप हसले, मला नाही हसू आलं. घरात खाटेची गरज होती म्हणून नेली, त्यात मत कुठून येणार? २०१७ ला काँग्रेसला ४०३ पैकी फक्त ७ जागा.

बंगालमध्ये ममतांसाठी काम करताना पीकेंनी आधीच लिहून टाकलं, भाजप दोन आकडी संख्येत अडकेल, नाहीतर मी हे काम सोडतो. भाजप ७७ वर थांबला. शब्द खरा ठरला, आणि त्याच दिवशी, २ मे २०२१ ला, त्यांनी तरीही काम सोडत असल्याचं सांगितलं.

पुढे चंपारणमधल्या भितिहरवा इथल्या गांधी आश्रमातून पदयात्रा, २ ऑक्टोबर २०२२ पासून, पायांनी बिहार पालथा घातला, मग जन सुराज पक्ष. २०२५ च्या विधानसभेत जवळपास सगळ्या जागा लढवल्या आणि एकही आली नाही. इतकी वर्षं त्यांना नितीश, ममता असा ओळखीचा चेहरा आणि बूथवर भल्या पहाटेपासून बसणारा कार्यकर्ता आयता मिळायचा, त्यावर त्यांचं डोकं चालायचं. इथं तो कार्यकर्ता गावोगाव शून्यातून उभा करायचा होता, आणि त्याला तीन वर्षं फारच कमी पडली असं माझं मत.

निकालानंतर पराभवाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली, आणि त्याच भितिहरवा आश्रमात एक दिवस मौन धरून उपोषणाला बसले.