पिवळा दिवा आणि पी-०४२०

(स्कॅनरचा स्क्रीन, जवळून.)

पी-०४२०. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावला आणि एवढंच आलं. गाडी पेट्रोलची, पळायला काही तक्रार नाही. फक्त डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. मालक धायरीचे. कोडचा अर्थ, म्हणजे धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, हे त्यांनी मोबाइलवर आधीच वाचलाय, आणि नाना पेठेत त्याचा भावही विचारून आलेत. त्यामुळे जरा गप्पच आहेत.

"काका, कोड आला म्हणजे पार्ट गेला असं नसतं," मेस्त्री म्हणतात. "आधी बघू तर द्या."

(गाडी रॅम्पवर.)

सायलेन्सरच्या अलीकडचा हा पत्र्याचा डबा, तोच कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेली सिरॅमिकची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर. किंमत असते ती या थराची. डब्याच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर, मागे एक. जुन्या धाटणीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली होत असतो. मागच्याने मात्र ०.६-०.७च्या आसपास शांत बसायचं, कारण कमीजास्त होणारा ऑक्सिजन कन्व्हर्टर साठवतो आणि लागेल तसा वापरतो. मागचाही नाचायला लागला, की कॉम्प्युटर कन्व्हर्टरला नापास करतो. त्याने कन्व्हर्टर काही पाहिलेला नसतो; दोन ग्राफ बघून काढलेला तो अंदाज.

मेस्त्री कोड लगेच उडवत नाहीत. त्याच्यासोबत आणखी एक नोंद असते: दोष पकडला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान. कोड पुसला की तीही जाते. इथे वेग ६८, इंजिन पूर्ण तापलेलं. म्हणजे सातारा रस्ता. कन्व्हर्टरची ही परीक्षा बहुतेक गाड्यांत एका लयीत चालताना होते. लक्ष्मी रोडच्या गर्दीत तिला सवडच मिळत नाही. काका मात्र आजवर हायवेवरच्या पेट्रोलाला शिव्या घालत होते.

"गाडी आज राहू द्या इथेच. सकाळी थंड इंजिनावर बघतो."

(सकाळ. शटर वर जातं.)

हे रात्रभर थांबणं उगाच नाही. पाइप तापला की धातू प्रसरण पावतो, जोडातली बारीक फट बुजते आणि आवाजही गायब होतो. ही फट गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटभरातच पकडावी लागते. हाताखालचा पोरगा स्टार्टर मारतो. मेस्त्री साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड भिजवत जातात. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डपाशी काही नाही. मागच्या सेन्सरच्या जरा अलीकडे, फ्लॅन्जवर (दोन पाइप बोल्टने जोडतात त्या कडेवर) मात्र फुसफुस, आणि बुडबुडे. बॅटरीच्या उजेडात तिथेच काजळीची काळी रेघ दिसते.

(फ्लॅन्ज, अगदी जवळून.)

फटीतून धूर बाहेर येतो हे कुणालाही कळतं. पण इंजिनाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर पडतो, आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. शिक्षा कन्व्हर्टरला.

पुण्यात या जोडांचे हाल तसेही होतातच. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासतं, आणि भाजी आणण्यापुरत्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही; धुरातलं पाणी आतच साचतं, पत्रा आतून गंजतो.

जोडातलं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, नवं. दोन गंजके बोल्ट कापून काढावे लागले, त्यातच अर्धी सकाळ गेली.

हाच दिवा लुकलुकत असता, तर मेस्त्रींनी गाडी चालवत आणूच दिली नसती. तेव्हा इंजिन मिसिंग करत असतं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि वीट वितळू शकते. मग प्लग किंवा कॉइल न बघता नवा कन्व्हर्टर घातला, तर तोही त्याच वाटेने जातो. "पीयूसी तर पास आहे," हा काकांचा मुद्दाही इथे कामाचा नाही. ती तपासणी टेलपाइपातला धूर मोजते, कॉम्प्युटरमधला कोड वाचत नाही.

(गाडी रॅम्पवरून खाली.)

कोड आता उडवलाय, पण मेस्त्री खात्री द्यायला तयार नाहीत. "कात्रजच्या बोगद्यापलीकडे एका स्पीडने फिरवून आणा. मग परत स्कॅनर लावू. मागचा ग्राफ सरळ आला तर ठीक, नाहीतर कन्व्हर्टरचं बोलू."

गॅस्केटचे आणि मजुरीचे पैसे मात्र ते आत्ताच घेतात.