पिशवीतलं पुस्तक

मंडळी, कायम पुस्तक जवळ बाळगणाऱ्याला ‘सध्या काय वाचतोस?’ असं सगळे विचारतात. ‘नेतोस कसं?’ हे कुणी विचारत नाही. आज तेवढंच बोलू. बाहेर नेलेलं पुस्तक न उघडताच घरी परत येतं, तेव्हा दोष बऱ्याचदा मजकुराचा नसतो. वजनाचा आणि बांधणीचा असतो.

आधी वजन. आपली बरीच पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण ५.५ × ८.५ इंच. कागद ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा धरला, तर २०० पृष्ठांचं पुस्तक कव्हरसकट २३० ग्रॅमच्या आसपास भरतं. ५०० पृष्ठांचं साडेपाचशेच्या घरात. ठाण्याहून सीएसएमटीला उभ्याने जाताना एक हात कडीला असतो. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि करंगळी उघड्या पानांवर, मधली तीन बोटं पाठीमागे. या पकडीत २३० ग्रॅम आरामात पेलतात. साडेपाचशेला भांडुपच्या आतच मनगट बोलायला लागतं. जाडजूड कादंबरी उशाशी बरी. दिवाळी अंकही तसाच: ऐसपैस, लुळा, दोन हात मागणारा. गुंडाळी करून नेलात तर पिनेपाशी फाटतो.

आता बांधणी. पुस्तकाची पाठ वरच्या टोकाकडून बघा. घड्यांचे छोटे छोटे जुडगे दिसले, आणि अशा एका जुडग्याच्या, म्हणजे फॉर्मच्या, मधल्या पानावर दोरा दिसला, तर ते शिवलेलं. असं पुस्तक वर्षानुवर्षं फिरवा. पानं सुटी कापून नुसती गोंदाने चिकटवलेली असतील, तर जरा जपून. गरम गोंद उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो, जुना झाला की ठिसूळ होतो. नवं कोरं पुस्तक मधूनच कडकन उघडलं, की पाठीला तडा जातो आणि पुढे तिथूनच पानं निखळतात.

म्हणून उघडायची रीत आहे. पाठ टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरा. पुढचं कव्हर आडवं करा, मग मागचं. नंतर एकदा पुढची दहा-बारा पानं, एकदा मागची, असं करत मध्याकडे या. दर वेळी आतल्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

खुणेला लोकलचं जुनं तिकीट उत्तम. पेन आत ठेवून पुस्तक मिटणं म्हणजे पाठीवर पाचर मारणं. रबरबँड कडा कापतो आणि उकाड्यात वितळून चिकटतो. त्यापेक्षा जुन्या सुती कापडाची खोळ शिवा. सॅकमध्ये पानांचे कोपरे दुमडत नाहीत. डबा वेगळ्या कप्प्यात. लोणच्याच्या तेलाचा डाग कागदातून निघत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. त्याचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो.

पावसाळ्यात खोळीवर झिपवाली प्लास्टिकची पिशवी हवीच, पण घरी आल्यावर पुस्तक तिच्यातून बाहेर काढा. कोंडलेल्या दमटपणाने बुरशी धरते.

आणि भिजलंच तर? इस्त्री नको, ऊनही नको. आधी गुळगुळीत कागदावरची फोटोंची पानं वेगळी करा. ती ओली असतानाच सुटतात, वाळली की एकमेकांना कायमची चिकटतात. मग दर वीस-पंचवीस पानांनी कोरा टिपकागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तक पंख्याखाली उभं करून पानं थोडी पसरवा, कागद ओला झाला की बदला. दोन दिवसांत बुरशी येऊ शकते. तेवढी सवड नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी वाळवा. पान गालाला लावलं आणि गार लागलं, तर अजून ओल आहे. गार लागेनासं झालं की फळीखाली दाबून ठेवा. पानांच्या लाटा पूर्ण जात नाहीत, पण पुस्तक नीट मिटतं.