एकच तर पॉइंट काढायचाय

(नाशिकमध्ये एका सोसायटीच्या रहिवाशांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

थंडी पडली की नाशिकमध्ये वायरमनचे फोन वाजायला लागतात. "गिझरसाठी एकच तर पॉइंट काढायचाय, अर्ध्या तासाचं काम." त्या अर्ध्या तासाबद्दलच बोलायला आलोय.

नियम आधी सांगून टाकतो. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला परवाना लागत नाही, फक्त मूळ वायरिंगची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. १९५६च्या भारतीय वीज नियमांत ही सूट होती, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांतही आली. पण नवा पॉइंट काढला की परवानाधारक ठेकेदार हवा, देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्राचा माणूस हवा, आणि पक्कड धरणाऱ्याकडे वायरमनचं परमिट.

एवढं कशाला, असं तुम्हाला वाटेल. पंचवटीतल्या एका वाड्यात गेलो होतो. आजी म्हणाल्या, "नळाला हात लावला की मुंग्या येतात रे." गिझर दोन किलोवॉटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, आणि लाइन ओढलेली दिव्याच्या बारीक वायरवरून. सॉकेट उघडलं. गळकी वीज जमिनीत नेणारी अर्थची हिरवी वायर नव्हतीच. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा टाकलेला. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, भोवतीचं प्लास्टिक करपलेलं. तो न्यूट्रल पुरता सुटला असता तर गिझरच्या कॉइलमधून २३० व्होल्ट थेट पत्र्यावर आणि नळावर आले असते. करणाऱ्याने म्हणे बल्ब लावून "अर्थिंग आहे" असं दाखवलं होतं. अशा जोडणीत फेज आणि अर्थमध्ये बल्ब पेटणारच! वीज न्यूट्रलमधूनच परत जाते ना.

अर्थिंग खरं की न्यूट्रलवरून उसनं घेतलेलं, हा फरक बल्बने कळत नाही, मोजावा लागतो. मेगर नावाच्या मीटरने ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन, म्हणजे वायरीवरचं आवरण वीज किती अडवतं ते बघायचं, एक मेगोहमच्या खाली नको. अर्थिंगचा रोध वेगळा मोजायचा. टेस्ट रिपोर्ट म्हणतात तो हाच. नव्या मीटरच्या अर्जाला जोडायचा कागद एवढीच त्याची ओळख उरलीय, याचं मला फार वाईट वाटतं. त्या आकड्यांखाली सही करणारा माणूस तुमच्या न्हाणीघराची जबाबदारी घेत असतो.

परमिट मागायला लोक संकोचतात. ओळखीचा आहे, हात चांगला आहे. असेलही. बिनपरमिटचे उत्तम कारागीर मी पाहिलेत, त्यांनी परीक्षा द्यावी म्हणून मागे लागलोय. सातपूरच्या आयटीआयमधून तारतंत्री होऊन बाहेर पडलेली पोरं परमिट खिशात घेऊन फिरतात, त्यांना ते दाखवायला कधीच कमीपणा वाटत नाही. उलट विचारलं तर खूश होतात.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, आमच्या घरचं कसं कळणार? बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा खटका, असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की खटका पडायलाच हवा. घरी गेल्यावर दाबून बघा. पडला नाही, तर उद्या सकाळी गिझर लावू नका, आधी परमिटवाल्याला बोलवा.