गाडी रात्री कुठे उभी राहते?

नमस्कार श्रोतेहो.

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला जो तो एकच प्रश्न विचारतो. "एका चार्जमध्ये किती जाते?" शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, सिग्नलला बाजूला थांबलेला दुचाकीवालासुद्धा काच खाली करायला लावून विचारतो. विचारणं साहजिकच आहे. पण परवडणारी, लहान बॅटरीची गाडी घेऊन संसार चालवायचा असेल, तर त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं. तुमची गाडी रात्री कुठे उभी राहते, आणि तिथे वीज आहे का?

तिथे वीज असेल तर लहान बॅटरीची गाडी तुमच्या घराला पुरेल, बहुतेकांना तर उरेल. वीज नसेल आणि मिळण्यासारखीही नसेल, तर मी तुम्हाला थोडं थांबायला सांगेन. रोजच्या चार्जिंगसाठी बाहेरच्या स्टेशनवर अवलंबून राहिलं की खर्च वाढतो, वेळ जातो आणि महिनाभरात घरातल्या सगळ्यांचा उत्साह मावळतो. यात गाडीचा काही दोष नसतो.

आता हिशेब करू. लहान इलेक्ट्रिक गाडीत साधारण तीस युनिटची बॅटरी असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. शांतपणे चालवली तर अशी गाडी एका युनिटमध्ये सहा ते आठ किलोमीटर जाते. २३० व्होल्टच्या जाड पिनच्या साध्या सॉकेटमधून तासाला अडीच-तीन युनिट वीज घेता येते. त्यातला दहावा हिस्सा वाटेत उष्णता होऊन वाया जातो, तो वजा करू. तरीही रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी सहापर्यंत सव्वाशे किलोमीटरची बेगमी करून ठेवते. शाळा, नोकरी, बाजार, दवाखाना, आणि संध्याकाळी कुणाला तरी रेल्वे स्टेशनवर आणायला जाणं, हे सगळं धरूनही किती घरांचं रोजचं धावणं सव्वाशे किलोमीटरच्या वर जातं? फार थोड्या घरांचं.

म्हणूनच लहान बॅटरीला कुणी कमीपणाने नावं ठेवली की मला वाईट वाटतं. इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग भाग बॅटरी असतो, आणि सगळ्यात जडही तोच. वर्षातून चारदा लागणाऱ्या लांबच्या प्रवासासाठी दुप्पट मोठी बॅटरी घ्यायची आणि उरलेले सगळे दिवस ते ओझं वाहत फिरायचं, यात घराचा फायदा कुठे आहे? पर्यावरणाच्या बाजूनेही बघा. बॅटरी बनवताना बराच कार्बन हवेत जातो, त्यामुळे नवी इलेक्ट्रिक गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या नावावर पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त प्रदूषण असतं. ते पुढे चालवता चालवता फिटतं. बॅटरी जितकी लहान, तितकं ते लवकर फिटतं.

चार्जिंगच्या जागेबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे केलेली काटकसर अंगाशी येऊ शकते. पाणी तापवण्याचा गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी तेवढाच भार सात-आठ तास सलग ओढते, आणि तीही आपण झोपलेले असताना. जुन्या सॉकेटमधला एखादा स्क्रू ढिला असेल, तर गिझरच्या वेळी ते कळत नाही. गाडी लावली की कळतं. पहिल्या दिवशी तासभर चार्जिंग झालं की प्लगच्या पाठीवर हात ठेवून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर ताबडतोब बंद करा. प्लग काढून पिना बघा. एका पिनेच्या मुळाशी तपकिरी छटा आली असेल, सॉकेटच्या भोकाची कड किंचित वितळल्यासारखी दिसत असेल, तर तो सॉकेट बदलायलाच हवा. मीटरपासून गाडीसाठी स्वतंत्र, पुरेशा जाडीची वायर घ्या, तिला वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारी कळ) आणि आरसीसीबी (वीज गळायला लागली की ती तोडणारी कळ) बसवा, आणि अर्थिंग नीट आहे का ते जाणत्या वायरमनकडून मोजून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी कधीही चार्ज करू नका. अर्थिंग नसेल तर पुष्कळ गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. तेव्हा गाडीला दोष देऊ नका, ती तुमच्याच जिवाची काळजी घेत असते.

मोठ्या इमारतीत राहत असाल, तर अशी वायर ओढण्याची सोसायटीची परवानगी गाडी बुक करण्यापूर्वी लेखी घ्या. मीटर कुणाच्या नावावर असणार, वायर कुठून येणार, खर्च कुणाचा, हे सगळं कागदावर ठरू द्या. तोंडी होकार देणारे पदाधिकारी पुढच्या वर्षी बदललेले असतात.

आता बॅटरीच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण त्यावरून रोजच्या सवयी ठरतात. स्वस्त गाड्यांमध्ये आता बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी येते. तिला एलएफपी म्हणतात. बॅटरीत हा पदार्थ वापरता येतो हे जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सस विद्यापीठात दाखवून दिलं. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी त्यांना २०१९ साली आणखी दोघांबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. या रसायनात निकेल नाही, कोबाल्ट नाही, म्हणून ते स्वस्त पडतं. ते जास्त तापमान सहन करतं, सहजासहजी पेट घेत नाही आणि खूप वेळा चार्ज झालं तरी टिकतं. तेवढ्याच वजनात त्यात वीज थोडी कमी मावते आणि कडाक्याच्या थंडीत ते सुस्तावतं, एवढी उणीव मान्य करायला हवी.

एलएफपीची एक खोड माहीत असावी. चार्ज उतरत जातो तसा तिचा व्होल्टेज फारसा बदलत नाही, मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे आत नक्की किती टक्के उरले आहेत याचा अंदाज गाडीच्या संगणकाला नीट येत नाही. आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर टक्के भरली की त्याचा हिशेब पुन्हा जुळतो. तसं केलं नाही, तर पंधरा टक्के दिसत असताना आकडा एकदम खाली येण्याचा प्रसंग येऊ शकतो. निकेल असलेल्या बॅटरीचं उलटं असतं. ती रोजच्या वापरात ऐंशी टक्क्यांवर थांबवावी आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरावी. तुमच्या गाडीत कोणतं रसायन आहे हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. तेवढं पान आवर्जून वाचा.

चालवण्याचं सुख मोठं आहे. गिअर नाही, क्लच नाही, इंजिनाची धडधड नाही. पाय उचलला की मोटर जनित्रासारखी काम करते आणि गाडी मंदावताना वीज परत बॅटरीत जाते. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत पेट्रोलची गाडी सगळ्यात जास्त इंधन खाते, आणि नेमकी तिथेच ही गाडी सगळ्यात काटकसरीने चालते. पण घरातली माणसं मागे बसलेली असतात, हे चालवणाऱ्याने विसरू नये. वीज परत मिळवण्याचा जोर सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवला आणि पाय झटक्याने उचलला, की मागे बसलेल्यांची मान दर वेळी पुढे जाते. चालवणाऱ्याला ते जाणवत नाही. मुलांना मात्र दहा मिनिटांत मळमळायला लागतं, आणि खिडकी उघडूनही बरं वाटत नाही. ती पातळी खाली आणा, पाय हळूहळू उचला. दोन-चार युनिट जास्त गेली तर जाऊ द्या.

हीच गाडी हमरस्त्यावर आणली की चित्र पालटतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात, तर हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून शहरात आठ किलोमीटर देणारं युनिट तिथे पाच-साडेपाचवर येतं. कंपनीने छापलेला पल्ला प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. लांबच्या प्रवासाचा बेत आखताना त्यातून चौथा हिस्सा सरळ वजा करा. वातानुकूलनाला लोक उगाच घाबरतात, गाडी एकदा गार झाली की त्याला तासाला एखादं युनिट पुरतं. थंड प्रदेशातला हीटर मात्र खादाड असतो. पेट्रोलचं इंजिन आपली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून फेकूनच देतं, त्यामुळे तिथे ऊब फुकट मिळते. इथे ती बॅटरीतून द्यावी लागते. घरच्या प्लगला जोडलेली असतानाच गाडी गरम किंवा गार करून ठेवली, तर तो भार बॅटरीवर पडत नाही.

लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबावं लागणार, हे गाडी घेण्याआधीच घरात सगळ्यांना सांगा. जलद चार्जिंग दहा टक्क्यांपासून साधारण ऐंशीपर्यंत भरभर होतं. त्यापुढे गाडी स्वतःहून वेग कमी करते, कारण भरत आलेल्या बॅटरीत जास्त प्रवाह ढकलला तर तिला इजा होते. शेवटचे वीस टक्के भरायला कधी कधी आधीच्या सत्तर टक्क्यांइतकाच वेळ लागतो. म्हणून ऐंशीला निघावं. आपलाही वेळ वाचतो आणि मागे थांबलेल्या कुटुंबाचाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्टेशनवर मोठा आकडा लिहिलेला असला तरी तेवढी वीज घेण्याची ताकद गाडीत असावी लागते. स्वस्त गाड्यांची मर्यादा बहुधा तीस ते पन्नास किलोवॉटच्या, म्हणजे तासाला तेवढ्या युनिटच्या, आसपास असते, मग शेजारी शंभरचं यंत्र असलं तरी उपयोग नाही. आणि कोणत्याही स्टेशनवर पाच टक्के घेऊन पोहोचू नका. यंत्र बंद असू शकतं, रांग असू शकते. पुढच्या स्टेशनपर्यंत जाता येईल एवढं शिल्लक ठेवूनच वळा. मुलं झोपलेली, आई-वडील अवघडलेले आणि यंत्राचा पडदा काळा, अशा वेळी वीस टक्के हाताशी असले की केवढा धीर वाटतो!

देखभालीचं थोडक्यात सांगते. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाहीत. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण त्याच कारणाने डिस्कवर गंज धरतो, तेव्हा मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक जरा जोराने दाबावेत. टायर मात्र लवकर झिजतात. गाडी जड असते आणि मोटरची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळते. आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी अजूनही असतेच. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिला तीन-चार वर्षांनी तपासून घ्या.

अंगणात लहान मुलं खेळत असतील, तर एक काळजी जास्त घ्या. ही गाडी मागे येताना जवळजवळ आवाज करत नाही. कमी वेगात तिने कृत्रिम आवाज करावा असा नियम युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलना लागू झाला, पण जुन्या गाड्यांत तो नसतो. गाडी काढण्याआधी उतरून मागे बघून या.

जुनी गाडी घेणाऱ्यांना मला विशेष सांगायचं आहे, कारण खरी परवडणारी इलेक्ट्रिक गाडी पुष्कळदा तीच असते. बॅटरीवर बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, आणि क्षमता सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल करून देतात. ती हमी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी विचारा. बॅटरीची उरलेली क्षमता मोजून घ्या, नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. बॅटरी द्रवाने थंड होते की नाही, हेही बघा. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या निसान लीफमध्ये तशी सोय नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत तिच्या सुरुवातीच्या गाड्यांची क्षमता लवकर घटली. त्या अनुभवातून बाकीचे शिकले.

गाडी बघायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. बॅटरी गाडीच्या फरशीखाली पसरलेली असल्यामुळे मागची फरशी वर आलेली असते. घरातल्या उंच किंवा वयस्क माणसाला मागे बसवा. गुडघे वर येऊन मांड्या सीटवरून उचलल्या जात असतील, तर तासाभरात त्यांची कंबर बोलायला लागेल. डिकी उघडून जादा चाक आहे का ते बघा, अनेक गाड्यांत नसतं. आणि मग विक्रेत्याला सांगा की चार्जिंगची केबल काढून दाखवा. तुमच्या घरच्या सॉकेटपासून गाडीच्या तोंडापर्यंत ती पोहोचते का, हे अंतर घरून मोजून न्या.