पाणी वाचवलं, तरी बिल का वाढलं?

मंडळी, पाणीपुरवठ्याशी ज्याचा संबंध येतो त्याला एक तक्रार हमखास ऐकावी लागते. ‘आम्ही वर्षभर काटकसर केली आणि तुम्ही दर वाढवून त्याचं बक्षीस दिलंत!’ तक्रार रास्त आहे. हिशेब मात्र सहसा कुणी उघडून दाखवत नाही. आज तो उघडू या.

योजनेचा पैसा जातो कुठे? धरण किंवा विहीर, उपशाचे पंप, शुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या, जमिनीखालचं नळांचं जाळं, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते, आणि रात्री-अपरात्री व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसांचे पगार. तुम्ही आज दोन बादल्या कमी वापरल्यात म्हणून यातला एकही खर्च खाली येत नाही. वाचते ती वीज, तुरटी आणि क्लोरीन. वीज तरी किती? एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ०.२७ युनिट लागतं. पंप आणि मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली तर साधारण ०.४. समुद्राचं पाणी गोडं करायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हजार लिटरला तीन-चार युनिट जातात आणि प्रत्येक बादली खरोखर महाग असते. पण नदी-तलावावरच्या साध्या योजनेत आपण मुख्यतः पाण्याचे पैसे भरत नसतो. नळ उघडला की पाणी यावं, ही जी चोवीस तासांची तयारी असते, तिचे भरत असतो.

आणि बिल मात्र लिटरवर आकारलं जातं. खर्च बांधलेला, उत्पन्न वापरावर अवलंबून. भांडणाचं मूळ इथं आहे.

केपटाऊनमध्ये हे साऱ्या जगानं पाहिलं. सलग तीन वर्षं पाऊस कमी झाला, धरणं तळाला गेली, आणि फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. नळ बंद करण्याच्या दिवसाला ‘डे झीरो’ असं नाव पडलं होतं; तो उजाडला असता तर लोकांनी रांगा लावून माणशी २५ लिटर न्यायचे होते. लोकांनी शहराचा वापर निम्म्याहून खाली आणला आणि तो दिवस टळला. मग तिजोरीचं काय झालं? पाणी विकलं गेलं नाही, उत्पन्न आटलं. जुलै २०१८ पासून महापालिकेनं नळजोडणीच्या पाइपच्या व्यासानुसार एक स्थिर आकार बिलात घातला. ज्यांनी अंघोळीचं पाणी बादलीत धरून शौचालयात ओतलं होतं, त्यांना ही थप्पड वाटली. माझ्या मते तो आकार योग्य होता, वेळ चुकली. अशी गोष्ट धरणं भरलेली असताना समजावून सांगायची असते.

मग पाणी वाचवून फायदा काय, असं तुम्ही विचाराल. फायदा आहे, पण तो बिलावर दिसत नाही, कारण तो न झालेल्या खर्चात असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वेस्टमिन्स्टर नावाचं शहर आहे. तिथेही लोक हेच विचारत होते, म्हणून नगर प्रशासनानं उलटा हिशेब मांडला: १९८० पासून माणशी वापर घटलाच नसता तर काय झालं असतं? वापर सुमारे २१ टक्के घटला होता. तो घटला नसता तर जादा पाणीसाठा, मोठं शुद्धीकरण केंद्र, जादा सांडपाणी प्रक्रिया हे सगळं उभारावं लागलं असतं आणि दर ९१ टक्क्यांनी जास्त असते. २०१३ साली ही आकडेमोड प्रसिद्ध झाली. म्हणजे काटकसरीनं दर कमी होत नाहीत, दरवाढ कमी होते. हे वाक्य निवडणुकीच्या सभेत चालणार नाही, मला मान्य आहे.

आता दराच्या आकाराकडे येऊ. सगळी वसुली स्थिर आकारातून केली तर योजनेचा ताळेबंद निर्धास्त होतो, पण जपून वापरणारा आणि अंगण धुणारा दोघे सारखंच भरतात. सगळी वसुली लिटरमागे केली तर पावसाळा चांगला झाला तरी पाणीखात्याच्या पोटात गोळा येतो, कारण बागेला पाणी घालणारे कमी होतात. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन्हींचं मिश्रण असतं, आणि त्यावर टप्पेवार दर: पहिले काही हजार लिटर स्वस्त, पुढचा टप्पा महाग, त्यापुढचा आणखी महाग. दक्षिण आफ्रिकेनं तर घरटी महिन्याला ६,००० लिटर फुकट देण्याचं धोरण स्वीकारलं.

टप्पेवार दर ऐकायला गरिबाच्या बाजूचा वाटतो. नेहमी तसा नसतो. एका नळावर तीन कुटुंबं राहत असतील तर त्यांचा एकत्रित वापर थेट वरच्या टप्प्यात जातो, आणि मोठ्या घरात एकटा राहणारा माणूस स्वस्त टप्प्यात आरामात बसतो. ज्याच्याकडे जोडणीच नाही, जो टँकरवाल्याकडून किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो, त्याला तर या सवलतीचा वासही येत नाही. टप्पा घरटी ठरवायचा की माणशी, एका नळावरच्या कुटुंबांची नोंद कशी घ्यायची, नवी जोडणी हप्त्यानं मिळेल का, हे किरकोळ वाटणारे नियमच ठरवतात की सवलत कुणाच्या पदरात पडते. दरपत्रक वाचताना मी आधी हे नियम वाचतो, आकडे नंतर.

एक आडवळण घेतो. लोकांना पाणी वाचवायला लावतं काय? अमेरिकेतच, जॉर्जियातल्या कॉब काउंटीमध्ये २००७ साली लाखभर घरांवर एक प्रयोग झाला. काहींना पाणी वाचवण्याच्या नुसत्या सूचना पाठवल्या. फरक पडला जेमतेम एक टक्का. काहींना पत्रात त्यांचा वापर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तुलनेत किती आहे ते छापून दिलं. वापर जवळपास ५ टक्के घटला, आणि सर्वांत जास्त वापरणारे सर्वांत जास्त हलले. भिंतीवर ‘पाणी म्हणजे जीवन’ रंगवायचा खर्च बिलाच्या कोपऱ्यात दोन आकडे छापण्यावर करावा, असं मला वाटतं ते यामुळे.

पण नागरिकाला उपदेश करण्याआधी योजनेनं स्वतःच्या पाइपकडे पाहायला हवं. टाकीतून निघालेलं आणि बिलात आलेलं पाणी यांत जी तफावत असते, तिला आपण सरसकट गळती म्हणतो. तिच्यात खरी गळती असते, चोरून घेतलेल्या जोडण्या असतात, आणि म्हातारे झालेले मीटर असतात. बारीक धार चालू असली तर जुना मीटर हलतही नाही. खऱ्या गळतीचा दाबाशी घट्ट संबंध आहे. ढोबळमानानं दाब १० टक्के कमी केला की गळतीही तेवढीच घटते. प्लास्टिकच्या पाइपातली चीर तर दाबानं रुंदावते, म्हणून तिथे फरक आणखी मोठा. रात्री मागणी नसताना दाब उतरवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. मात्र दाब उतरवणं वेगळं आणि पुरवठाच बंद करणं वेगळं. पाइप रिकामा झाला की बाहेरचं घाण पाणी त्याच भेगांतून आत ओढलं जातं.

नॉम पेन्हचं उदाहरण यात मला सर्वांत आवडतं. कंबोडियाची ही राजधानी युद्धातून नुकती बाहेर पडली होती. १९९३ साली एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) यांनी तिथल्या पाणीपुरवठ्याची सूत्रं हाती घेतली, तेव्हा ७२ टक्के पाणी बिनहिशेबी जात होतं. त्यांनी मीटर बसवले, गळतीसाठी रात्रंदिवस पथकं ठेवली, आणि बड्या थकबाकीदारांच्या जोडण्या तोडल्या. एका लष्करी जनरलनं तर त्यांच्यावर पिस्तूल रोखलं होतं. पुढे त्याचीही जोडणी तुटली. २०१० च्या सुमाराला ही बिनहिशेबी पाण्याची तूट ६ टक्क्यांवर आली होती. तेवढी मजल कित्येक श्रीमंत शहरांनाही मारता आलेली नाही. आजच्या विषयाशी थेट जोडलेला भाग पुढे आहे: दरवाढ तीन टप्प्यांत करायचं ठरलं होतं. दोन टप्पे झाले आणि तिसऱ्याची गरजच उरली नाही, कारण वाया जाणारं पाणी बिलात येऊ लागलं होतं.

म्हणून दरवाढीचा प्रस्ताव समोर आला की मी पहिला प्रश्न पाण्याच्या तुटीचा विचारतो. उत्तर ‘साधारण इतकी असेल’ असं आलं, तर ती कुणी मोजलेलीच नाही असं समजायचं.

एक चिठ्ठी आली आहे: ‘आमच्याकडे घरोघरी मीटर नाहीत, बसवायला पैसेही नाहीत. मग तूट कशी मोजायची?’ प्रश्न उत्तम आहे. घरचे मीटर नंतर बसवा. आधी टाकीच्या निघत्या पाइपवर एक मोठा मीटर बसवा आणि रात्री दोन ते चार या वेळेत त्याचं वाचन घ्या. पुरवठा चोवीस तास नसेल, तर त्या एका रात्रीपुरता पाइप दाबाखाली ठेवा, आणि घरगुती टाक्या आधी भरून घ्यायला सांगा, नाहीतर त्या भरण्याचंच पाणी मोजलं जाईल. सगळे झोपलेले असताना जे पाणी वाहतं, त्यातलं बहुतेक गळतीचं. मग एकेका भागाचा व्हॉल्व्ह बंद करत जा आणि काटा कुठे मंदावतो ते पाहा. ज्या भागाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर तो सर्वांत जास्त उतरला, तिथून खोदायला सुरुवात करा.