प्लास्टरमधल्या हाताचा व्यायाम

नमस्कार. तुमच्या घरात सध्या कुणाचा हात प्लास्टरमध्ये असेल, तर हा व्हिडिओ त्यांच्या शेजारी बसून बघा.

माझ्या आईचं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे ती हात झोळीत घेऊन बसली. प्लास्टर निघालं, कणीक मळायला गेली, तर हातात जोरच नाही. तेव्हा आम्ही म्हणालो, स्नायू वाळले. ते खरंच होतं, पण अर्धं.

बाकीचं अर्धं मेंदूत असतं. स्नायूत हजारो तंतू असतात आणि ते आपणहून कामाला लागत नाहीत. मेंदूकडून हुकूम सुटतो, मज्जारज्जूतून खाली येतो, तेव्हा ते आवळले जातात. एका वेळी किती तंतू जागे झाले, यावर जोर ठरतो. हात महिनाभर बांधून ठेवला की ही हुकूम देण्याची सवयच मोडते.

आता २०१४ सालचा एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या संशोधकांनी धडधाकट माणसांच्या हाताला चार आठवडे प्लास्टर घातलं. त्यातल्या काहींना एक काम दिलं. हात न हलवता, आपण पूर्ण ताकदीने मनगट वाकवतोय अशी कल्पना करायची. पाच सेकंद जोर, पाच सेकंद आराम, एका बैठकीत ५२ वेळा, आठवड्यातून पाच दिवस. प्लास्टर काढलं तेव्हा नुसतं बसलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली होती. कल्पना करणाऱ्यांची सुमारे २४ टक्के. जवळजवळ निम्मं नुकसान वाचलं! आईच्या वेळी हे मला माहीत असतं तर किती बरं झालं असतं.

यानं दंड फुगत नाहीत, बरं का. आणि खऱ्या व्यायामाची बरोबरीही होत नाही. २००४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी करंगळीवर असाच प्रयोग केला. १२ आठवड्यांत मनातल्या सरावानं ताकद ३५ टक्के वाढली, खऱ्या सरावानं ५३ टक्के. म्हणून प्लास्टर निघालं की फिजिओथेरपी चुकवायची नाही. आणि ऑपरेशन झालं असेल, तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

करायचं कसं? आरशात स्वतःला बघितल्यासारखं नाही. आतून, हाताला जाणवेल असं. चला, आत्ताच करू.

(डोळे मिटून)

हात सैल सोडा. खांदा सैल, दातही आवळू नका. तुमच्या हातात नुकतीच धुतलेली जाड चादर आहे. गार आहे, जड आहे, पाणी गळतंय. आता पिळा. अजून जोर लावा, मनगट भरून येऊ दे, अजून… सोडा.

दहाव्या वेळेनंतर मन भलतीकडे जाईल. जाऊ दे, परत चादरीकडे आणा.

पाच सेकंद झाले. पुन्हा पिळा.